दिवाळीचा किल्ला, वर आकाशकंदील आणि मावळ्याएवढं पोर : लहानपणाचं स्वप्नाळू ऑइल पेंटिंग कसं करायचं

लहानपणावर 'ड्रीमी' टाइपचं ऑइल पेंटिंग करायचं म्हटलं की बहुतेक जण काय करतात, तर मागे जांभळं-गुलाबी आकाश, त्यात फुगे, फुलपाखरं, एक मोठा चंद्र, आणि मधोमध एक गोड मुलगी आपल्याकडे बघून हसतेय, आणि मग सगळं चित्र फॅन ब्रशने (पंख्यासारख्या पसरट केसांच्या) घासून घासून धूसर करून टाकलेलं. ग्रीटिंग कार्ड म्हणून ठीक आहे हो, पण त्यात ना स्वप्न असतं ना लहानपण. माझं म्हणणं साधं आहे, मूल कशात तरी गुंगलेलं हवं, चित्रात एकच गोष्ट खोटी हवी आणि बाकी सगळं खरं, आणि धूसरपणा पातळ थरांतून आला पाहिजे, घासून नाही. हे कसं करायचं ते एक अख्खं चित्र डोळ्यासमोर ठेवून सांगते, म्हणजे हवेत बोलणं नको.

आधी मूल. मूल आपल्याकडे बघायला लागलं की ते फोटोसाठी उभं राहिलेलं मूल होतं, त्याला माहीत असतं की कोणीतरी बघतंय, आणि निरागसपणा तिथेच संपतो. चित्रकार जॉन सिंगर सार्जंटचं 'कार्नेशन, लिली, लिली, रोझ' नावाचं पेंटिंग आहे, लंडनला टेट ब्रिटनमध्ये, नेटवर सहज सापडेल, ते मोठं करून नीट बघा. बागेत दोन मुली संध्याकाळी कागदी कंदील लावतायत, दोघींची नजर कंदिलात. बास. एकही मुलगी आपल्याकडे बघत नाही आणि म्हणूनच आपण तिथे चोरून उभं राहून बघतोय असं वाटतं. इंग्लंडमधल्या ब्रॉडवे नावाच्या गावात १८८५ च्या शरदात त्याने हे सुरू केलं आणि १८८६ च्या शरदात संपवलं, कारण त्याला हवा असलेला तो संधिप्रकाश रोज फक्त काही मिनिटं मिळायचा, तेवढ्यात जे होईल ते रंगवायचं आणि थांबायचं. फुलं सुकली तर खोटी फुलं लावली, पण उजेड मात्र खराच हवा. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता आपला विषय. मी दिवाळीचा किल्ला घेते. तुम्हाला भातुकली, गोट्या, चिंचेखालचा झोका काय हवं ते घ्या, पण जे तुमच्या हाताला माहीत आहे ते घ्या, कारण मातीत हात घातल्यावर नखात काय अडकतं हे माहीत असलेला माणूस आणि नसलेला माणूस यांच्या चित्रात फरक दिसतोच. किल्ल्यात सगळं आयतं मिळतं, लाल माती, गोणपाट, विटा, बुरुज, भुयार, वर अळीव टाकून उगवलेली हिरवळ, प्लास्टिकचे नाहीत तर मातीचे मावळे, आणि वरून लटकणारा आकाशकंदील म्हणजे लाइटिंगची सोय पण झाली.

चित्र असं. एक पोर किल्ल्याच्या पायथ्याशी उकिडवं बसलंय आणि भुयारात डोकावून बघतंय. फक्त ते पोर मावळ्याएवढं झालंय. अळीव त्याच्या डोक्यावर झाडीसारखे, शेजारी उभा असलेला मातीचा मावळा त्याच्यापेक्षा उंच, आकाशकंदील खूप वर चंद्रासारखा, आणि चित्राच्या कडेला अंधारात अर्धी बुडालेली एक भलीमोठी चप्पल. ती चप्पल महत्त्वाची आहे, ती नसेल तर बघणाऱ्याला कळणार नाही की पोर लहान झालंय का किल्ला मोठा झालाय.

झालं, खोटी गोष्ट एवढीच. साइज. बाकी उजेड खरा, सावल्या खऱ्या, माती खरी, पोराच्या गुडघ्यावरचं खरचटलेलं पण खरं. इथे लोकांचा हात सुटतो, म्हणतात स्वप्न आहे ना मग आकाशात मासे पण टाकू, पोराला पंख लावू, मावळ्याने डोळा मारलाय असं दाखवू. नका करू. मावळा मातीचाच राहू द्या, साच्याची शिवण दिसू द्या, नाकावरचा रंग उडालेला, भाला वाकडा. तो जिवंत झाला की कार्टून झालं. तो मातीचा आहे आणि तरीही पोर त्याच्या शेजारी निवांत बसलंय, यात गंमत आहे. चित्रकार मार्क शागालने १९११ मध्ये पॅरिसला बसून आपल्या गावच्या आठवणींचं 'आय अँड द व्हिलेज' केलं त्यात गाईच्या गालावर दुसरी गाय, उलटी बाई, उलटी घरं असं बरंच काही आहे आणि ते जमलंय, पण त्याची चित्राची भाषाच मुळात तशी तुकड्यातुकड्यांची आहे. आपण खऱ्यासारखं रंगवणार असू तर एकच खोटं पुरतं.

आणि एक धोका. खऱ्यासारखं रंगवलेलं लहानपण पटकन भयाण होतं. कलकत्त्याचे चित्रकार बिकाश भट्टाचार्जी यांची बाहुल्यांची चित्रं बघा, बाहुली हुबेहूब, पण आजूबाजूची जागा ओसाड, आणि अंगावर काटा येतो. त्यांना तेच हवं होतं. आपल्याला नकोय, म्हणून तीन गोष्टी सांभाळायच्या, पोराच्या आसपास उबदार उजेड, रिकामी जागा कमी, आणि मावळ्याचे डोळे रंगवलेले ठिपकेच ठेवायचे, त्यात चमक टाकायची नाही. चमकणारा एक पांढरा ठिपका डोळ्यात टाकला की मावळा बघायला लागतो आणि मग रात्री ते चित्र हॉलमध्ये कोणाला नको असतं.

स्केच करताना फोटो आधी उघडू नका. आधी आठवणीतून काढा, काडेपेटीएवढे छोटे छोटे चौकोन करून त्यात कोळशाने किंवा सहा बी पेन्सिलने नुसते काळे-पांढरे आकार, डिटेल शून्य. आठवणीत जे मोठं असतं ते आपोआप मोठं येतं, आणि हेच आपल्याला हवंय. फोटोत सगळं सारखंच शार्प असतं, फोटोला काय महत्त्वाचं आणि काय नाही ते कळत नाही. चौकोनांतला एक आवडला की मग फोटो. घरातल्या एखाद्या पोराला उकिडवं बसवून, आईबापाला विचारून, फोनवर फोटो काढा, फ्लॅश बंद, खोलीत वरच्या बाजूला एकच दिवा. पोर दोन मिनिटं शांत बसत नाही, म्हणून त्याच्यासमोर खरंच काहीतरी ठेवा, मुंगी, बॅटरी, खोक्यात काहीतरी लपवलेलं, म्हणजे पाठ आणि मान खरोखर वाकते. 'भुयारात बघतोयस अशी ॲक्टिंग कर' म्हणालात तर ते हसणार आणि मान ताठ करणार.

मागून, थोडं कडेने काढा. म्हणजे कान, गाल, मान, पाठ दिसेल आणि चेहरा जेमतेम. एक तर मुलाचा चेहरा ऑइलमध्ये फार अवघड, आणि दुसरं म्हणजे चेहरा दिसला नाही की बघणारा माणूस आपलंच लहानपण तिथे बसवतो. प्रमाणाचं मात्र बघा. मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोकी धरतात, सहा-सात वर्षांच्या पोराची सहाच्या आसपास, तीन-चार वर्षांच्याची पाचच. डोकं मोठं, मान बारीक, खांदे अरुंद. चेहरा दिसणार असेल तर डोळे डोक्याच्या अर्ध्याच्या खाली येतात, कपाळ भरपूर. हे चुकलं की छोटा काका बसलाय असं दिसतं.

सामान. कॅनव्हास १८ बाय २४ इंच बरा, त्याहून लहान घेतला तर अळीव रंगवताना डोळे जातील. बाजारात तयार प्राइम केलेला कॉटन कॅनव्हास मिळतो तो चालेल, पण पातळ थर द्यायचे असतील तर त्याचं विणकाम फार खरबरीत लागतं, म्हणून वरून जेसोचे (रंगाच्या आधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) आणखी दोन हात द्या, आडवा एक, उभा एक, वाळला की बारीक पॉलिश पेपरने हलकं घासा. कोऱ्या कापडावर थेट ऑइल नको, तेल धाग्यात मुरतं आणि कापड काही वर्षांत कुजायला लागतं.

रंग कमी घ्या. टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, अल्ट्रामरीन ब्लू, पर्मनंट ॲलिझरिन, व्हिरिडियन, आणि एक कॅडमियम यलो किंवा त्याचा 'ह्यू' (म्हणजे तशाच छटेचा, पण कॅडमियम नसलेला). काळा घेऊच नका, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळलं की जो अंधार मिळतो तो काळ्या ट्यूबपेक्षा कितीतरी जिवंत असतो, थोडा निळ्याकडे झुकवा नाहीतर तांबड्याकडे. साधं ॲलिझरिन उजेडात फिकं पडतं म्हणून पर्मनंट लिहिलेलं बघून घ्या. ट्यूबवर एक छोटा चौकोन असतो, रिकामा असेल तर रंग पारदर्शक, अर्धा भरलेला तर मधला, पूर्ण भरलेला तर अपारदर्शक. हा चौकोन बघायची सवय लावा, कारण पुढचा सगळा खेळ त्यावर आहे. कॅम्लिनचे आर्टिस्ट ऑइल शिकायला उत्तम, पांढरा मात्र जमला तर जरा भारी घ्या, कारण सगळ्यात जास्त तोच जातो आणि त्याचीच क्वालिटी दिसते. गंमत म्हणजे किल्ल्याला फासतो तो गेरू आणि ट्यूबमधला बर्न्ट सिएना एकाच कुळातले, दोघांचा तांबडेपणा लोखंडाच्या ऑक्साइडचा. तेव्हा मातीच्या रंगाची काळजीच नको, तो आयता ट्यूबमध्ये आहे.

तेल आर्टिस्ट क्वालिटीचं रिफाइंड लिनसीड म्हणजे जवसाचंच, पण चटणीवर घ्यायचं ते नाही आणि हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं पण नाही, ते फार पिवळं पडतं. टर्पेंटाईन पण कलेच्या दुकानातलं. ब्रश दोन-तीन कडक केसांचे फ्लॅट, दोन मऊ सिंथेटिक फिल्बर्ट (चपटे, गोलसर टोकाचे), एक बारीक राउंड. आणि जुने सुती बनियन भरपूर, चिंध्यांशिवाय ऑइल होत नाही.

कधी सुरू करायचं? गणपती झाले की. पावसाळ्यात आपल्याकडे थर वाळता वाळत नाही आणि कॅनव्हासच्या मागे बुरशी येते ते वेगळंच. ऑक्टोबरची उष्णता चांगली. पण दिवाळीला भिंतीवर लावू असं स्वप्न बघू नका, हे चित्र संक्रांतीपर्यंत चाललं तरी घाई झाली म्हणेन मी.

पहिला दिवस. बर्न्ट सिएनात चिमूटभर अल्ट्रामरीन, भरपूर टर्पेंटाईन, आणि अख्ख्या कॅनव्हासवर पाण्यासारखा हात मारा, पांढरं काही शिल्लक ठेवू नका. तो ओला असतानाच चिंधी बोटाला गुंडाळा आणि जिथे उजेड हवा तिथला रंग पुसून काढा. कंदील, त्याच्या खालचा बुरुजाचा माथा, पोराचे केस-खांदे, अळिवाचे शेंडे, भुयाराचं तोंड. म्हणजे इथे रंग लावायचा नाही, काढायचा. अर्ध्या तासात अख्खं चित्र अंधारातून वर येतं, आणि खरं सांगते, पुढच्या कित्येक दिवसांत एवढी मजा परत येत नाही. चुकलं तर परत रंग फासा, परत पुसा. फोनवर फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, लांबून पोर दिसतंय का? दिसत नसेल तर आत्ताच दुरुस्त करा, रंगाने पुढे ते दुरुस्त होणार नाही.

हे वाळलं की दुसरा थर, अजूनही जवळजवळ एकरंगी, रॉ अंबर, अल्ट्रामरीन आणि पांढरा मिळून करडा-तपकिरी. आकार पक्के करा, बुरुजाची गोलाई, पाठीचा बाक, चपलेचा अंगठा. अंबर लवकर वाळतो म्हणून खालच्या थरांना तो बरा, टायटॅनियम व्हाइट आणि ॲलिझरिन सावकाश वाळतात. ऑइल वाळतं म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, म्हणून पंखा लावून फार फरक पडत नाही, मोकळी हवा, उजेड आणि थोडी ऊब लागते. आणि म्हणूनच तो प्रसिद्ध नियम, खाली तेल कमी, वर तेल जास्त. पहिल्या थरात नुसतं टर्पेंटाईन, दुसऱ्यात दोन भाग टर्पेंटाईन एक भाग तेल, तिसऱ्यात अर्धं-अर्धं, ग्लेझला (म्हणजे वरच्या पारदर्शक थराला, तो पुढे सांगते) तेल जास्त. उलटं केलंत तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलत राहतो, आणि चित्राला भेगा जातात. फारच घाई असेल तर रंगात मिसळायचं अल्किड मीडियम मिळतं, थर साधारण एका दिवसात वाळतो, पण मग सगळ्या थरांत तेच वापरा.

आता रंग. पोराची कातडी रंगवायला 'फ्लेश टिंट' नावाची ट्यूब मिळते ती कृपया घेऊ नका, तो कोणाच्याच कातडीचा रंग नाही, आपल्याकडच्या पोराचा तर नाहीच नाही. बर्न्ट सिएना, यलो ऑकर, थोडं ॲलिझरिन, आणि सावलीकडे अल्ट्रामरीन. पांढरा अगदी शेवटी आणि अगदी थोडा. सावळ्या कातडीत पांढरा जास्त गेला की ती राख फासल्यासारखी दिसते. उजळ करायचं तर ऑकर आणि कॅडमियमने करा, पांढऱ्याने नाही. वरून कंदिलाचा नारिंगी उजेड पडलाय म्हणून मानेच्या, खांद्याच्या वरच्या बाजू उबदार, आणि खालच्या बाजूंना संध्याकाळच्या आकाशाची निळसर-जांभळी झाक. कान मात्र वेगळा. मागून उजेड आला की कान आरपार लाल दिसतो, बोटांच्या कडा पण. तिथे ॲलिझरिन आणि थोडा कॅडमियमचा एक छोटा टपका द्या, पोर एकदम ऊबदार आणि जिवंत होतं. माझ्या मते या चित्रातला सगळ्यात महत्त्वाचा ब्रशस्ट्रोक हाच.

कंदील चमकवायला शुद्ध पांढरा लावायचा मोह होतो. पण चमक आजूबाजूच्या अंधारातून येते. कंदील मधे फिकट पिवळा, कडेला नारिंगी, काड्यांच्या जागी गडद, आणि भोवतालचं आकाश खोल निळं, एवढ्यावर तो पेटतो. पांढऱ्याचा जाड ठिपका फार तर एकच. आणि पणत्यांचा मोह पण टाळा. पोराच्या बाजूला त्याच्याएवढी पणती सुचते, छान वाटतं, पण दुसरा दिवा आला की सावल्या दोन दिशांना जातात आणि सगळा खरेपणा विस्कटतो. ठेवायचीच तर विझलेली ठेवा.

आता जिथे खरं स्वप्न तयार होतं तो भाग, आणि इथे घाई करणाऱ्याचं काम नाही. दोन प्रकारचे पातळ थर असतात. पहिला ग्लेझ, म्हणजे पारदर्शक रंग तेलात एवढा पातळ करायचा की खालचं सगळं दिसेल, आणि खालच्या फिकट थरावरून फिरवायचा. उजेड या थरातून आत जातो, खालच्या फिकट थरावर आपटून परत येतो, म्हणून रंग आतून पेटल्यासारखा दिसतो. मातीच्या सावल्यांवर ॲलिझरिन आणि अल्ट्रामरीनचा ग्लेझ, अळिवावर व्हिरिडियन आणि ऑकरचा (ऑकर तसा पारदर्शक नाही, पण कणभर टाकल्याशिवाय व्हिरिडियन प्लास्टिकसारखा दिसतो). लावला की मऊ कोरड्या ब्रशने किंवा तळहाताच्या कडेने थोपटून जास्तीचा काढून घ्या. जास्त लावला आणि मग पसरवला असं नको, कमी लावा, वाळू द्या, परत लावा. लिओनार्दोच्या मोनालिसाचे थर एक्स-रे लावून मोजलेत, चेहऱ्यावरचे ग्लेझचे सगळे थर मिळून जाडी ३०-४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर जात नाही, म्हणजे केसापेक्षाही बारीक. आपल्याला तेवढं करायचं नाहीये, पण दिशा तीच.

दुसरा स्कंबल. हा उलटा, फिकट अपारदर्शक रंग, जवळजवळ कोरडा, गडदावर अगदी हलक्या हाताने घासायचा, ब्रश कॅनव्हासला टेकतोय न टेकतोय असा. पातळ पांढरट थर अंधारावर आला की तो आपोआप निळसर दिसतो, धूर काळ्या मागच्या बाजूवर निळा दिसतो तेच कारण. म्हणून फटाक्यांचा हलका धूर, कंदिलाभोवतीचं वलय, लांबच्या बुरुजावरचं धुकं यासाठी निळा रंग मिसळूच नका, पांढऱ्यात थोडा ऑकर घालून उबदार करा, थर पातळ ठेवा, निळेपणा तो स्वतः आणतो. वाळल्यावर परत त्यावर ग्लेझ. ग्लेझ, स्कंबल, ग्लेझ, असं तीनचार वेळा झालं की धूसरपणात खोली येते, जी फॅन ब्रशने कधीच येत नाही. नागपूरला जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने थर लावत, खरवडत, परत लावत असत. त्यांच्या चित्रात पोरं-किल्ले काही नाहीत, पण रंगातून उजेड कसा झिरपतो हे शिकायला त्यांचं एखादं ओरिजिनल कुठे बघायला मिळालं तर सोडू नका, फोनवर त्यातलं काही कळत नाही.

मग कडा. कोणती गोष्ट कुठे संपते आणि मागची कुठे सुरू होते ती रेघ किती स्पष्ट, यावर नजर कुठे जाते ते ठरतं. या चित्रात मी फक्त दोनच जागा शार्प ठेवेन, पोराचा कान आणि गालाची कड, आणि भुयाराच्या तोंडाशी टेकलेली मातीने भरलेली बोटं. बाकी सगळं कमी-जास्त विरघळलेलं. पाठ अंधारात मिसळून जाऊ द्या, पोराचा शर्ट आणि मागची माती एकाच टोनची, म्हणजे सारखीच गडद, असेल तर मधली रेघ मुद्दाम पुसा, बघणारा ती स्वतः जोडतो. चपलेचा तर फक्त अंगठा आणि पट्ट्यावरचा एक चमकता बंद पुरे. ओलं असतानाच कोरड्या ब्रशने एकदा, फक्त एकदा कडेवरून फिरवा. दहा वेळा फिरवलं की चिखल होतो.

भुयारात काय आहे? काही नाही. लोक विचारतील, तुम्हालाही वाटेल की आत एक छोटा प्रकाश, एखादा दरवाजा दाखवू. आत गडद उबदार तपकिरी, बास. पोराला काय दिसतंय ते पोराला माहीत.

अळीव मात्र मन लावून करा, कारण ते झाडी झालेत हे पटलं पाहिजे. कोवळ्या अळिवाचं पान तीन बोटी असतं, देठ पांढरट आणि बारीक, सगळे उजेडाकडे झुकलेले. आठवडाभर आधी वाटीत कापूस ओला करून अळीव टाका, उगवले की जमिनीला डोळा टेकवून खालून बघा आणि स्केच करा. खऱ्या झाडांचे फोटो बघून रंगवलेत तर जंगल होईल आणि किल्ला हरवेल. सगळे सारखे काढू नका, पुढचे पाच-सहा नीट, मागचे नुसते हिरवट उभे फटकारे, त्याही मागे फक्त स्कंबल. मातीत ब्रशच्या मागच्या टोकाने बारीक भेगा ओढा, बोटांचे ठसे ठेवा, बुरुजावर मोठ्या माणसाच्या बोटाचा एक ठसा दिसला तर साइजचं कोडं आणखी पक्कं होतं.

मधेच काही जागा मॅट, मेल्यासारख्या दिसायला लागतील, विशेषतः अंबरच्या. घाबरू नका, वरचं तेल खाली शोषलं गेलंय. थर पूर्ण वाळलेला असेल तर तेल आणि टर्पेंटाईन अर्धं-अर्धं करून एक थेंब चिंधीवर घ्या, तिथे पुसा, जास्तीचं टिपून घ्या, रंग परत जागा होतो आणि त्यावर पुढचं काम करता येतं. न करता रंग जुळवायला गेलात तर मॅट दिसणाऱ्या जागेला उगाच आणखी गडद करून बसाल.

काम नसेल तेव्हा चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवायची पद्धत आहे, थोडे दिवस ठीक, पण महिनोन् महिने अंधारात ठेवलं तर जवसाचं तेल पिवळं पडतं. उजेडात ठेवलं की बरंचसं परत निवळतं, तरी मुळात लपवूच नका. थेट ऊन पण नको.

तेलाच्या चिंध्यांचं एक गंभीरपणे सांगते. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून डब्यात किंवा कचऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, काडी लावावी लागत नाही. एकेक पसरून बाहेर वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका आणि झाकण लावा. खोलीची खिडकी उघडी, टर्पेंटाईनची बाटली पोरांच्या हाताला लागणार नाही अशी वर, आणि कॅडमियमचे रंग हाताला लागलेले असताना खाऊ खायचा नाही. वापरलेलं टर्पेंटाईन बेसिनमध्ये ओतू नका, बरणीत ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं परत वापरता येतं. ब्रश आधी चिंधीला पुसा, मग टर्पेंटाईन, मग साबण, तेही केसांच्या मुळापर्यंत, तिथेच रंग वाळून ब्रश फाटतो.

संपलं कधी समजायचं? आठवडाभर चित्राकडे बघून फक्त बारीकसारीक गोष्टीच खुपत असतील, तर संपलं. अळीव वाढवावेसे वाटायला लागले की ब्रश धुवून ठेवा. सही उजेडात नको, चपलेच्या अंधाराकडे, त्याच टोनमध्ये, शोधली तर सापडेल अशी.

व्हार्निश लगेच करू नका. वरून हाताला कोरडं लागलं तरी आतून तेल अजून बदलत असतं, सहा महिने तरी जाऊ द्या, थर जाड असतील तर वर्ष. मधल्या काळात कोणाला दाखवायचं असेल तर रिटच व्हार्निशचा (तात्पुरत्या व्हार्निशचा) पातळ हात चालतो. फायनलला ग्लॉस आणि मॅट थोडं मिसळून घ्या, नुसत्या ग्लॉसने एवढ्या गडद चित्रात समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब दिसतं आणि पोर गायब. टांगायची जागा म्हणाल तर खिडकीसमोर नको, देवघराच्या उदबत्तीजवळ नको, स्वयंपाकघराच्या भिंतीवर तर अजिबात नको, तिथल्या फोडणीचा चिकट थर एकदा बसला की तो काढायला मग जाणकार माणूसच शोधावा लागतो.